अन्नमाईचे तीन टॉवेल

सोफ्यांच्या दुकानावरच्या सभागृहात त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तसे लोक खिडक्यांमध्ये चढून बसले होते. समोर टेबलावर काचेचे वाडगे, त्यांत जांभळं पाणी, आणि टेबलामागे पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली अन्नमाई. एकेकाने पुढे जायचं, अन्नमाईने ओल्या टॉवेलाने त्याचा हात पुसायचा, मग त्याने तो पाण्यात बुडवायचा. पाणी हिरवं झालं तर प्रकृती वाताची, गुलाबी झालं तर पित्ताची, जांभळंच राहिलं तर कफाची. रंग बदलला की सगळं सभागृह “आहा!” करायचं.

“मी काही सांगत नाही हं,” अन्नमाई मधाळ आवाजात म्हणायची. “तुमची प्रकृतीच बोलते. मी नुसती दुभाषी!”

दुभाषीबाईंचं बोलून झालं की शेजारच्या टेबलावर त्या त्या प्रकृतीचे जेवणाचे डबे विकायला तयार असत.

मी तिथे विवेकबिवेक घेऊन गेले नव्हते. मी जळत होते, दुसरं काही नाही.

माझे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. लग्न झाल्यापासून ते माझ्या हातचं जेवतात. बरं म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत. आणि गेला महिनाभर आमच्या घरात एकच पारायण चाललेलं. अन्नमाई म्हणतात, वाताच्या माणसाने गोड खावं, स्निग्ध खावं. अन्नमाईंच्या डब्यातलं मध-खजुराचं दूध काय सुरेख असतं! सुरेख? हा शब्द त्यांच्या तोंडून मी फक्त जुन्या घड्याळांबद्दल ऐकला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एवढंच असतं तर जळून गप्प बसले असते. पण माणसाला मधुमेह आहे. “गोळ्यांनी वात भडकतो,” असं अन्नमाईने सांगितल्यापासून गोळ्या बंद. त्यात नवा बूट चावला आणि पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरायचं नाव घेईना. आमच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, “साखर अशीच राहिली, तर अंगठा वाचेलच असं मी म्हणणार नाही.” यावर हे म्हणाले, “त्यांना प्रकृतीतलं काय कळतं!”

म्हणून मी त्या रविवारी यांच्या मागोमाग गेले. पहिल्याच रांगेत बसले आणि डोळे वटारून बघत राहिले. मी मोटार चालवायला शिकवते. शिकणारा तोंडाने काय म्हणतो याकडे मी लक्ष देत नाही, हात काय करताहेत ते बघते.

यांचा नंबर आला. “या, वातराज!” अन्नमाई म्हणाली. यांनी लाजून हात पुढे केला आणि तिने तो सावकाश, एकेक बोट सुटं करून पुसला. माझ्या नवऱ्याचा हात! बाकीचं सभागृह पाण्याकडे बघत होतं, माझी नजर त्या टॉवेलावरून हटेना. म्हणूनच मला दिसलं, की टॉवेल एका तबकातला नव्हता. तबकं तीन होती. सडपातळ माणसाला डावीकडच्या तबकातला, चिडक्या चेहऱ्याच्या टकल्याला मधल्या, आणि गोलमटोल बाईला उजवीकडच्या. टॉवेल सगळे सारखेच पांढरे.

माझा नंबर आला. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून तिचा हात उजवीकडे गेला. माझ्या अंगावर मांस आहे, हे कळायला दिव्य दृष्टी लागत नाही.

“तो नको,” मी म्हटलं. “यांना दिलात तोच मला द्या.” आणि डावीकडचा टॉवेल मी उचललाच. हाताला तो बुळबुळीत लागला. हात खसाखसा पुसला, पाण्यात घातला. पाणी हिरवंगार!

अन्नमाई क्षणभर अडखळली, मग हसली. “पाहिलंत? इतक्या वर्षांचा सहवास! पतीची प्रकृती पत्नीत उतरली!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मला वाटलं, संपलं सगळं. पण मागून हे खेकसले, “कशाला तमाशा करतेस? तुला जळतंय, दुसरं काय!”

“हो, जळतंय! जळतंय म्हणूनच दिसलं. या इकडे. तुमचा घड्याळावर विश्वास आहे ना? एकच घड्याळ एकाच क्षणी तीन वेगवेगळ्या वेळा दाखवायला लागलं तर तुम्ही काय म्हणाल?”

“बिघडलंय म्हणेन.”

“मग हात धुवा आणि या उजवीकडच्या टॉवेलाला पुसा.”

अन्नमाई मध्ये पडायला गेली, पण तो टकल्या आता उठून उभा राहिला होता. “करू द्या की,” तो म्हणाला. “प्रकृती बोलते ना? बोलू द्या.”

यांनी हात धुऊन पुसला, नव्या वाडग्यात बुडवला. पाणी जांभळंच. पुन्हा धुतला, मधल्या टॉवेलाला पुसला. पाणी गुलाबी. वातराज उभ्या उभ्या कफ झाले, पित्त झाले.

मी वाडगा नाकाशी नेला. वरून गुलाबाचं अत्तर, खाली शिजलेल्या कोबीचा वास. जांभळ्या कोबीचं पाणी ते. लिंबू पिळा, गुलाबी होतं. सोडा टाका, हिरवं होतं. मधला टॉवेल लिंबाच्या पाण्यात भिजवलेला, डावीकडचा सोड्याच्या, उजवीकडचा साध्या. प्रकृती बोलतबिलत नव्हती, कोबी बोलत होता.

लोक टॉवेल ओढून ओढून स्वतःच करून बघायला लागले. त्या गोंधळात अन्नमाई मागच्या जिन्याने गेली, डबे तिथेच टाकून.

घरी आल्यावर बूट काढताना हे खाली बघत म्हणाले, “तिने निदान विचारलं तरी. काय खावंसं वाटतं, म्हणून.”

मी इतका वेळ जिंकल्याच्या तोऱ्यात होते. तो तोरा तिथेच उतरला. मी गोळ्यांचं पाकीट आणि पाण्याचा पेला पुढे ठेवला आणि विचारलं, “काय खावंसं वाटतंय? गोड सोडून.”

जखम आता भरत आली आहे. साखरेचा आकडा दर महिन्याला डॉक्टरीणबाई बघतात. जुन्या वैद्यकातलं खरंखोटं अभ्यास केलेल्यांनी तपासावं, तो माझा प्रांत नाही. माझं सांगणं साधं आहे. कुणी तुमची प्रकृती रंगावरून सांगत असेल, तर तोच प्रयोग दुसऱ्या हाताने, दुसऱ्या टॉवेलाने करायला लावा. खरं असेल तर टिकेल. आणि औषध बंद करा म्हणणाऱ्याचा आवाज जितका गोड, तितक्या लवकर तिथून निघा.

परवा जेवताना हे म्हणाले, “भाजी सुरेख झालीय.” मी विचारलं, “कशावरून?” हे म्हणाले, “खाऊन बघितली.”