गुरुवारी उचललेली कुत्री

पोटावरचे केस काढायला मशीन लावलं आणि इंटर्न पूर्वीच्या हातमोज्यावर पांढरा थेंब आला.

मग दुसरा.

"व्यालीय ही," सुमेधा मॅडम म्हणाल्या. मशीन बंद. नसबंदी रद्द. टेबलावर कुत्री, पोट तेलानं काळं, नजर दाराकडे.

म्हणजे पिल्लं कुठेतरी चाकणला. काल दुपारपासून आईशिवाय.

चऱ्होलीच्या या नसबंदी केंद्रात मादी उचलण्याआधी तिला भाकरी घालणाऱ्याला विचारायचं असतं. काल विचारलं नाही. काल गुरुवार. कंपन्यांना सुट्टी, रस्ते मोकळे, कुत्री निवांत पसरलेली. म्हणून तर व्हॅन गुरुवारी निघते. आणि म्हणूनच विचारायला कुणी भेटत नाही. जाळी जयसिंगने टाकली. पोट तपासायचं काम इंटर्नचं, म्हणजे पूर्वीचं. तिनं तपासलं होतं. मळ दिसला. मळाखालचं

नाही दिसलं.

"अजून भूल दिली नाही हे नशीब," मॅडम म्हणाल्या. "निघा."

मोशी. व्हॅन उभी. पुढे कंटेनर, मागे कंटेनर.

"हॅलो, कंपनीतून बोलताय ना? नाही, माल नाही पाठवायचा. पिल्लं. कुत्रीची. मस्करी नाही करत. काल तुमच्या गेटसमोरून आम्ही... हॅलो?"

जयसिंगने फोन धरलेल्या पूर्वीकडे पाहिलं. "ताई, रडून रस्ता मोकळा व्हतोय व्हय?"

"मी रडत नाहीये."

"मंग चष्मा का पुसताय सारखा?"

मागच्या पिंजऱ्यात कुत्री उभी. बसत नव्हती.

"शोधायचं कुठे, जयसिंगभाऊ?"

"तिला ठावं हाय. गेटवर सोडायची आन् मागं पळायचं."

"आणि रस्त्यावर पळाली तर? हे कंटेनर..."

जयसिंगने हॉर्न दाबून धरला.

चाकण. गेट. वॉचमनने आत फोन केला आणि कुलदीप बाहेर आला, शिफ्टचा सुपरवायझर, कानात इयरप्लग, एकच काढलेला.

"आत कुत्री सोडणार? मॅडम, पावडर कोटिंगचं शॉप आहे हे. गोठा नाही."

"गोठ्यात तरी इचारून दावं सोडत्यात, भावा," जयसिंग म्हणाला. "आमी न्हाई इचारलं. चुकलं. आता आत जाऊ दे."

"कस्टमर येणारे आज."

"येऊ दे की. त्याला पण आई असंल."

कुलदीप हसला नाही. पण बाजूला झाला.

पूर्वीने दोरी सैल सोडली. ऑपरेशनसाठी रात्रीपासून उपाशी ठेवलेली कुत्री. वॉचमनच्या उघड्या डब्याजवळून गेली, मान वळली नाही. रस्त्याकडेही नाही. सरळ आत. पॅलेटवरून, हँगरच्या रांगेखालून, दोन माणसांच्या पायांमधून. दोरी ताणली, हात भाजल्यासारखा

आणि थांबली.

समोर पत्र्याचं खोलीएवढं कपाट. दार लावलेलं. ती दार खरवडू लागली.

"हे काय आहे?"

कुलदीपने दुसरा इयरप्लग काढला. "ओव्हन. रंगाची पावडर यात भाजतो."

बुधवारी काम संपलं की दार उघडं टाकतात. गुरुवारभर आत ऊब राहते. शुक्रवारी सकाळी आधी रिकामा तापवायचा, मग माल आत.

"लावलाय?"

पॅनेलवरचा आकडा वर सरकत होता. छप्पन्न. सत्तावन्न.

"आत कुणी बघितलं होतं?"

"रिकाम्या ओव्हनमध्ये काय बघायचं असतं?" असं म्हणता म्हणता कुलदीपचा हात बर्नरच्या बटणावर होता.

दार उघडलं. गरम झळ तोंडावर आली. कुत्री आत.

बाहेर. तोंडात एक.

आत. बाहेर. एक.

पुन्हा. हेही वळवळत होतं, दोन्ही डोळे मिटलेले.

"किती होती?" कुलदीपने विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. जयसिंगलाही नाही, वॉचमनलाही नाही.

कुत्री पुन्हा आत गेली. रिकाम्या तोंडानं बाहेर आली. उंबऱ्यावर उभी राहिली, जीभ बाहेर, आत बघत.

"झालं वाटतं," कुलदीप म्हणाला. मागे कुणीतरी विचारलं, "साहेब, लावू?"

"थांब," कुलदीप म्हणाला.

पूर्वी गुडघ्यांवर आत शिरली. पत्रा चटके देत होता. मोबाईलच्या उजेडात ट्रॉलीचा रूळ, रुळाच्या पलीकडे खाच, खाचेत काहीतरी राखाडी. बोटं पुरेनात. कोपर टेकलं, भाजलं, तसंच ठेवलं. शेपटी हाताला लागली. ओढलं नाही, पोटाखाली बोट घातलं.

पिल्लू गरम होतं. ओव्हनमुळे की जिवंत म्हणून, कळेना.

बाहेर येऊन तिनं ते आईपुढे ठेवलं. कुत्रीनं हुंगलं. चाटलं. नाकानं उलटं केलं, पुन्हा चाटलं. मशीनचा एकही आवाज नव्हता. कुलदीप घड्याळाकडे बघत होता.

चाटतच होती.

पिल्लाचा मागचा पाय ताणला गेला. मग आवाज आला, अगदी बारीक.

कुत्री तिथंच फरशीवर आडवी झाली, ओव्हनकडे पाठ करून. चारही पोटाशी सरकली.

पूर्वी तिच्या पाठीकडे बघत राहिली. ती पुन्हा उठेल का, आत बघेल का. ती उठली नाही.

"आता लावा," पूर्वी म्हणाली.