विहिरीतली खोली

छबूबाईंनी फडकं पिळलं आणि बादलीत डोकावून बघितलं. काल पाण्यानं तळ नुसता झाकला होता. आज बादली निम्मी भरली.

पलंगाच्या डोक्याकडच्या बाजूला, जिथे खडकाची भिंत आणि फरशी एकमेकींना भेटतात, तिथे बोटभर रुंदीची ओल होती. त्यांनी बोट लावलं, ते पदराला पुसता पुसता थांबल्या आणि जिभेला लावलं. मग कुणी बघितलं तर नाही, म्हणून उगाच वर पाहिलं. वरच्या काचेतून गोल आभाळ दिसत होतं आणि त्यात एक घार फिरत होती. घारीला काय पडलंय.

बादली घेऊन त्या चोपन्न पायऱ्या चढल्या, दाराची किल्ली पदराला बांधली आणि कुंपणाजवळच्या लिंबाच्या रोपाला पाणी घातलं. ओल दिसल्याला आज दहावा दिवस. रोप चांगलंच तरारलं होतं. हर्षल येता-जाता म्हणायचा, "काकू, तुमच्या हाताला गुण हाय." छबूबाई हसायच्या आणि बादली पालथी घालायच्या.

तिसगावपासून आत सात-आठ किलोमीटरवर आसारामआबांचं हे रान. त्यातली ही विहीर तीस वर्षांपूर्वी खणली होती. छत्तीस फूट गेले तरी थेंब लागला नाही, तेव्हा दिली सोडून. तिच्यात सायाळी राहिल्या, पारवे राहिले, आणि गेल्या वर्षी आबांचा नातू हर्षल पुण्याची नोकरी सोडून आला तो तिच्यात माणसं ठेवायची म्हणाला. जगात लोक कुठे कुठे झोपायला जातात ते त्यानं मोबाईलवर सगळ्यांना दाखवलं. जुन्या विमानात, बंद पडलेल्या तुरुंगात, झाडाच्या शेंड्यावर, सिमेंटच्या पाइपात.

"हे बघा काकू. बर्फाचं हॉटेल. पलंगसुद्धा बर्फाचा."

"मंग उन्हाळ्यात?"

"वितळतं. हिवाळ्यात परत बांधत्यात."

"अन् त्यातली मानसं?"

"मानसं आपापल्या घरी जात्यात की."

छबूबाई त्यावर दोन दिवस हसत होत्या. मग जेसीबी आला. विहिरीच्या शेजारून उघड्या पायऱ्या उतरवल्या, तळाशी दार काढलं, तोंडावर काच बसवली. नगरहून गोल पलंग आला, कारण चौकोनी पलंगानं गोल खोलीत नुसते कोपरे वाया जात होते. न्हाणीघर मात्र वर, जमिनीवर. "रातच्याला लागली तर चोपन्न पायऱ्या?" असं छबूबाईंनी विचारलं तेव्हा हर्षल म्हणाला, "त्यालाच लोक अनुभव म्हनत्यात काकू."

आणि खरंच लोक येऊ लागले. छबूबाई झाडायच्या, चादर बदलायच्या, पिठलं-भाकरी खाली न्यायच्या. उन्हात कुणाच्या रानात खुरपायला जाणं सुटलं. पुण्या-मुंबईच्या पोरी त्यांना मावशी म्हणायच्या आणि जाताना गळ्यात पडायच्या. आपल्याला हे काम इतकं आवडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. गोल चादर गोल पलंगाला चुणी न पडता बसवायची त्यांची एक रीत होती, ती दुसऱ्या कुणाला जमत नसे.

आता दिवाळीला पंधरा दिवस होते. पुढचे चारही शनिवार भरले होते. आणि फरशीला ओल आली होती.

सांगायला काय, एका वाक्याचं काम. पण छबूबाईंनी या विहिरीबद्दल पूर्वी एकदा एक शब्द सांगितला होता आणि तो तीस वर्षं ऐकून घेतला होता.

छबूबाई पायाळू. जन्मताना पाय आधी आले. अशा माणसाला जमिनीतलं पाणी कळतं, असं गावात सगळे मानायचे. त्या एकोणीस वर्षांच्या होत्या, सहादेवशी लग्न होऊन वर्ष झालं होतं, पोटात पाचवा महिना होता. आसारामआबांना विहीर पाडायची होती. चैत्रातलं ऊन, आणि आबांनी त्यांना अनवाणी रानभर चालवलं. मागे पाच-पंचवीस माणसं. पाय कुठे गार पडतात ते सांग म्हणाले. सकाळपासून दुपार झाली, तळवे भाजून निघाले. एका ठिकाणी पाय गार पडले आणि त्या म्हणाल्या, "हितं."

तिथे एक बाभळ होती. बाभळीची सावली होती.

सावलीमुळे पाय गार पडले हे त्यांना त्याच घटकेला कळलं होतं. पण नारळ फुटला होता, गुलाल पडला होता, आणि बसायला मिळालं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. बाभळ तोडली, विहीर खणली, छत्तीस फूट.

पुढे गावात टँकर येऊ लागला तेव्हा कुणीतरी हमखास म्हणायचं, "टँकर कुठं लावायचा ते छबूला इचारा." गिरणीवर, डेअरीवर, लग्नात. सगळे हसायचे, त्यासुद्धा हसायच्या. आसारामआबा मात्र कधी काही बोलले नाहीत. ते नुसते त्या वाटेनं यायचे बंद झाले. वरच्या रानात जायचं तर लांबच्या बांधानं वळसा घालून जायचे. विहिरीत खोली झाल्यावरही आबा एकदाही खाली उतरले नव्हते.

त्या संध्याकाळी सहादेव डेअरीला दूध घालून आला, त्याला चहा देताना त्यांनी सहज विचारलं.

"वरच्या बंधाऱ्यात पानी किती हाय वो?"

"मस हाय. यंदा हटायचं नाव न्हाई." सहादेवनं बशीत चहा ओतला. दोन वर्षांपूर्वी सगळं गाव टेम्पो करून हिवरे बाजार बघून आलं होतं, आणि आल्यावर डोंगराला चर खणले होते, ओढा अडवला होता. नवरा-बायको दोघंही होते त्यात. "का? पानाडीनबाई कुठं हीर काढायला निघाल्या काय?"

"गपा. च्या प्या."

सहादेव हसला. त्याच्या चिडवण्याला धार नव्हती, सवय होती. छबूबाईंच्या ओठांवर आलेलं मात्र तिथेच राहिलं.

शनिवारी नगरचं एक जोडपं आलं. परवेझ शाळेत शिक्षक होता, पायऱ्या मोठ्यानं मोजत, फोटो काढत उतरला. त्याची बायको मेहविश मागून सावकाश आली. तिच्या कडेवर दहा महिन्यांची अरफा. छबूबाईंनी दोनदा फरशी पुसून पलंगाच्या बाजूला सतरंजी सरकवून ठेवली होती.

"मावशी, इथे रेंज नाही?"

"न्हाई बया. खाली काईच येत न्हाई."

"बरं झालं," मेहविश म्हणाली आणि पलंगाच्या कडेला बसली.

जेवणं झाल्यावर हर्षल परवेझला बंधारा दाखवायला घेऊन गेला. मेहविश भांडी गोळा करणाऱ्या छबूबाईंकडे बघत होती. विचारू की नको, असं तिच्या तोंडावर होतं.

"मावशी, मी दहा मिनिटं पडू का? ही झोपूच देत नाही. दहा महिने झाले."

"पड की. मी हाय. चार लेकरं वाढवल्यात मी."

दहा मिनिटं म्हणाली, पण डोकं टेकलं आणि ती गेलीच. तोंड जरासं उघडं. एक हात पलंगावर पसरलेला, पोरगी असायची त्या जागी बोटं किंचित वळलेली. झोपेतही तो हात पोरीला राखत होता. छबूबाईंनी तिच्या पायावर चादर ओढली.

अरफाला खाली सतरंजीवर ठेवलं होतं. तिनं आधी छबूबाईंच्या बांगड्या मोजून घेतल्या, मग त्यांच्या पदराची किल्ली चावून बघितली, मग रांगत निघाली. सतरंजी संपली तिथे थांबली. भिंतीकडे गेली.

सकाळी दोनदा पुसलेल्या जागी आता हाताएवढं तळं साचलं होतं.

अरफानं तळहात आपटला. चप. तिला नवल वाटलं. परत आपटला. छबूबाईंना उठून तिला उचलता आलं असतं. त्या उठल्या नाहीत. पोर दोन्ही हातांनी पाणी उडवू लागली, तिच्या नाकावर थेंब उडाला तशी खदखदून हसली. ते हसू गोल भिंतींना लागून वर काचेपर्यंत गेलं, आणि मेहविश दचकून उठली.

उठल्या उठल्या तिचा हात पोरीच्या झबल्याकडे गेला. "अगं बाई, सू केली का हिनं? सॉरी हं मावशी, मी पुसते, कुठंय फडकं?"

छबूबाईंच्या हातात फडकं होतंच. व्हय म्हटलं असतं तर झालं होतं. आणखी एक शनिवार निघाला असता, कदाचित दोन.

पोर त्यांच्याकडे बघत होती. हनुवटीवरून पाणी ओघळत होतं.

"न्हाई," छबूबाई म्हणाल्या. "लेकरानं काई केलं न्हाई. हितं पानी लागलंय."

बोलून झाल्यावर त्यांना जाणवलं, तीस वर्षांपूर्वीही आपण असंच, एवढंच बोललो होतो.

छबूबाईंनी पायऱ्यांवरून हाक मारली तसा हर्षल धावत आला, मागोमाग परवेझ. हर्षल उकिडवा बसून भिंत चाचपू लागला.

"वरचा पाइप फुटला का काय?"

"पाइप न्हाई दादा. झरा हाय."

"कधीपास्नं?"

"धा-अकरा दिस झालं."

"काकू," हर्षल गोल पलंगावर बसला. "धा दिस? अन् तुमी मला आज सांगताय?"

"मागं येकदा लवकर सांगितलं हुतं," छबूबाई म्हणाल्या.

 ती गोष्ट हर्षललाही माहीत होती, गावात जन्मलेला होता. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मोटर बसवू. रोज सकाळी उपसायचं. खालनं वॉटरप्रूफिंग करून घिऊ."

"उपसून टाकनार कुठं?"

वर वीतभर ज्वारी पाण्याची वाट बघत उभी होती.  परवेझ पोरीचे ओले हात रुमालानं टिपत होता. "आमचं काही म्हणणं नाही बरं का," तो म्हणाला. "घरी हिला टबात बसवायला अर्धा तास लागतो. इथे स्वतःहून बसली."

मेहविश हसली, मग तिनं सगळ्यांकडे बघितलं. इथे काहीतरी वेगळंच चाललंय, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

हर्षल उठला. "आबांना सांगाया पायजेल."

पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, भिंतीला एक हात लावून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत उतरत होता. खाली सगळे उभे राहिले. छबूबाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि भिंतीला टेकल्या. आबा दारातून आत आले. ना काचेकडे बघितलं, ना पलंगाकडे. सरळ भिंतीपाशी जाऊन हर्षलच्या खांद्याच्या आधारानं खाली बसले, ओंजळ बुडेना म्हणून चार बोटं बुडवली आणि चाखली.

 अरफा त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"गोड हाय," आबा म्हणाले. मग मान न वळवता, "छबू, कुठं हाईस?"

"हितं हाय आबा."

"गाव तुला बोलत राह्यलं. म्या गप बसून राह्यलो. माजं गप बसनं त्याच्यापरीस वाईट हुतं." त्यांनी ओली बोटं धोतराला पुसली. "तू खरं सांगितलं हुतंस."

हे ऐकायला छबूबाई तीस वर्षं थांबल्या होत्या. आता मुकाट्यानं मान हलवायची, एवढंच उरलं होतं. पण त्यांच्यानं राहवलं नाही.

"न्हाई आबा. खरं न्हाई. मला काई कळलं नव्हतं. उनानं पाय भाजत हुतं. बाभळीच्या सावलीत गार लागलं, म्हनून म्हन्लं हितं. सावली हुती वो ती नुसती."

 आबांनी सावकाश मान वळवून छबूबाईंकडे बघितलं. त्यांचे खांदे हलायला लागले. रडतात की काय असं वाटलं, पण म्हातारा हसत होता.

"अगं येडे," आबा म्हणाले, "समद्या रानात येकली तीच बाभळ हिरवी हुती. ती काय टँकरवर जगली हुती व्हय?"

छबूबाई बघतच राहिल्या. मग त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"तिची मुळं खाली कुठवर गेल्ती कुनाला ठावं," आबा म्हणाले. "आपुन आधी थांबलो. ते पानी आता आपल्यापत्तुर आलं. चल रं हर्षल, उठव मला."

मोटर बसली, पण खोलीसाठी नाही, ज्वारीसाठी. हर्षल दोन दिवस तोंड पाडून होता. तिसऱ्या दिवशी पलंगाचे तुकडे वर नेताना छबूबाई म्हणाल्या, "दादा, बर्फाचं वितळल्यावर काय करत्यात म्हन्ला हुता?" तेव्हा त्याला नाइलाजानं हसू आलं. बंधाऱ्याच्या कामातले चार मोठे सिमेंटचे पाइप ओढ्याकाठी तसेच पडून आहेत. हल्ली तो तिकडे टेप घेऊन जातो आणि आडवा झोपून बघतो. झाडायला छबूबाईच, हे ठरलेलं आहे. गोल चादर मात्र पाइपाला बसणार नाही. ती त्यांनी घरी नेली, अंगणात शेंगा वाळवायला पुरते. सहादेव तिला चंद्र म्हणतो.

खोलीची किल्ली अजून त्यांच्या पदराला आहे. दारावर आता बावीस पायऱ्यांचं पाणी आहे. हर्षलनं ती मागितली नाही, त्यांनी दिली नाही.

भर दुपारी, कामं उरकली की छबूबाई खाली उतरतात, शेवटच्या कोरड्या पायरीपर्यंत. कालच्यापेक्षा एक पायरी वरच थांबावं लागतं. चपला वरच्या पायरीवर काढून ठेवतात आणि पाय पाण्यात सोडून बसतात. काच काढून टाकली आहे. बाभळ तर कधीच गेली. सावली कुठेच नाही, डोक्यावर लख्ख ऊन असतं, आणि तळवे गार पडत जातात.