खांबेट्यांनी सोडलेलं

विद्याधर खांबेट्यांनी साखर सोडली, तेव्हा ती दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाटीत झाकून ठेवलेली सापडली. डब्यातली साखर जागच्या जागी होती. ही वेगळी. पुढे जन्मभर खांबेट्यांनी जी खाल्ली असती, ती. वाटी नेहमीची आमटीचीच होती, पण तिचा तळ लागत नव्हता.

"अहो, ही तुमची साखर," नलिनीबाई म्हणाल्या.

"मी सोडली. तू संपवून टाक. वाया कशाला घालवायची?"

यात नलिनीबाईंना नवल वाटलं नाही. लग्न होऊन सांगलीला आल्यापासून उरलेलं संपवणं हे त्यांचंच काम. तळाला लागलेला भात, मुलीने अर्धवट टाकलेली पोळी, पाहुणे आलेच नाहीत म्हणून राहिलेला शिरा, सगळं शेवटी त्यांच्या ताटात यायचं. अन्न टाकायचं नाही, हे वळण सासूबाईंनी लावलं होतं आणि ते अंगात पक्कं मुरलं होतं. त्यांनी चमचा घेतला. संध्याकाळी साखर संपली आणि त्यांच्या पायांची बोटं बधिर झाली.

खांबेटे मात्र खुलले. माणूस एकदा तब्येतीच्या मागे लागला की घरच्यांची धडगत नसते. त्यांनी मीठ सोडलं, तूप सोडलं, दुपारची झोप सोडली. पहाटे कोमट पाणी, मग मैदानावर फेऱ्या, मग भिजवलेले बदाम, मग दुधीचा रस. रस नलिनीबाई काढायच्या आणि चोथा त्याच खायच्या. वाटी रोज भरलेली असायची. मीठ खाल्लं त्या दिवशी नलिनीबाईंचा चेहरा सुजला, तो पुन्हा उतरला नाही. दुपारची झोप सायीसारखी घट्ट होती. ती खाल्ल्यापासून त्या ओट्याशी उभ्या उभ्या पेंगायच्या, आणि पोळ्या करपल्या की वर नवऱ्याचं ऐकून घ्यायच्या.

खाण्यापिण्याचं सोडून झालं, तशी खांबेट्यांनी आसनं सुरू केली. त्यांची गुडघेदुखी वाटीत आली. ती सुरणाच्या उकडलेल्या फोडीसारखी दिसत होती. नलिनीबाईंनी तिच्यावर लिंबू पिळलं आणि खाल्ली. मग दम लागणं आलं, मग कमी ऐकू येणं, मग मोतीबिंदू. खांबेटे चष्म्याशिवाय पेपर वाचू लागले. नलिनीबाईंना मात्र वाटीत काय आहे ते बोटांनी चाचपून बघावं लागे.

"तुमचं सगळं मीच खायचं का हो?" एकदा त्यांनी विचारलं.

"नीट चावून खा," ते म्हणाले. "तू नुसतं गिळतेस. म्हणून तुला बाधतं."

एकदाच, फक्त एकदाच, त्यांनी वाटीतलं टाकून पाहिलं. त्या दिवशी खांबेट्यांचं म्हातारपण आलं होतं, गार आणि बुळबुळीत. नलिनीबाईंनी ते ओल्या कचऱ्यात ओतलं आणि घंटागाडीत दिलं. जिना चढून वर आल्या तर वाटी टेबलावर होती, पुन्हा काठोकाठ भरलेली. शेजारी आणखी एक वाटी होती. चांदीची, काठाला पोचा आलेली. त्यांच्या मुलीची, मेधाची, उष्टावणातली.

 नलिनीबाई खाली बसल्या आणि दोन्ही वाट्या मांडीवर घेऊन, रडत रडत, बोटाने निपटून खाल्ल्या. चांदीची वाटी त्यांनी घासली, फडक्यात गुंडाळली आणि कपाटात साड्यांच्या खाली दडवली. त्यानंतर त्यांनी कधी काही टाकलं नाही.

खांबेट्यांच्या पंचाहत्तरीला मेधा पुण्याहून आली. दार तिच्याच वयाच्या एका माणसाने उघडलं.

"बाबा?"

"चप्पल बाहेर काढ," खांबेटे म्हणाले.

नलिनीबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

मैदानावरची मंडळी हार घेऊन आली. रहस्य काय, असं सगळ्यांनी विचारलं. "नियमितपणा," खांबेटे म्हणाले, "आणि घरचं साधं जेवण." नलिनीबाई औक्षणाला उठल्या. तबक पेलवेना, म्हणून मेधाने खालून हात दिला. निरांजनाचा उजेड खांबेट्यांच्या तुकतुकीत गालांवरून फिरला. उदंड आयुष्य लाभो, असं कुणीतरी म्हणालं.

"लाभणारच," खांबेटे म्हणाले. "मी आजपासून मरण सोडलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नलिनीबाईंच्या हातातलं तबक कलंडलं आणि अक्षता जमिनीवर सांडल्या.

सकाळी टेबलावर एकच वाटी होती. चांदीची.

"अगंबाई, माझी वाटी!" मेधा म्हणाली. "अजून जपून ठेवलीस? काय केलंयस माझ्यासाठी?" तिने झाकण काढलं. तळाशी थोडंसं काहीतरी होतं, काळसर, खरवडून ठेवल्यासारखं. तिने बोट बुडवायला हात पुढे केला.

"ठेव ते!"

दिवाणावर पडलेल्या नलिनीबाई कशा उठल्या हे त्यांनाही कळलं नाही. त्यांनी वाटी हिसकावून घेतली आणि छातीशी धरली.

"आई, अगं मला भूक लागलीय."

"तुला पोहे करते. हे उरलेलं आहे. उरलेलं मी खाते."

गॅलरीत खांबेटे प्राणायामाला बसले होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत. "भांडू नका गं," ते म्हणाले. "कुणीतरी एकीने संपवा म्हणजे झालं."

नलिनीबाईंनी खाल्लं. त्याला चव नव्हती. त्यांनी बोटाने वाटी निपटली, कडेचंही सोडलं नाही, आणि वाटी उलटी करून मेधाला दाखवली. काही राहिलं नव्हतं. त्यांना फार बरं वाटलं. मग घास घशात अडकला. त्यांनी गळ्याला हात लावला.

"पाणी," त्या म्हणाल्या.

मेधाने धावत जाऊन पेला भरला. ती वळली तर खांबेटे दारात उभे होते, ताठ, घाम पुसत. त्यांनी पेल्यावर हात ठेवला.

"खाल्ल्या खाल्ल्या पाणी पिऊ नये," ते म्हणाले. "अर्धा तास जाऊ दे."

लहानपणापासून या घरात पाणी असंच प्यायचं असे. मेधा भरलेला पेला घेऊन घड्याळाखाली उभी राहिली.