माझ्यावरचे दात

मी एक जुना पाईप आहे, मित्रांनो. पाण्याचा नव्हे हं! हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या लातुरात पाईप म्हटलं की लोक आधी बोअरला पाणी किती फुटांवर लागलं ते विचारतात. मी तोंडात धरायचा विलायती पाईप आहे. पुढे लाकडाची वाटी, मागे काळी नळी, आणि दोन्ही जुळतात तिथे चांदीचं बारीक कडं. तंबाखूची बाजू मात्र मी घेणार नाही. तिने माझं आतलं अंग जाळून काळं केलं आहे, तिचे गुण मला विचारा.

माझं लाकूड दूर समुद्राकाठच्या डोंगरातल्या एका झुडपाचं. ब्रायर म्हणतात त्याला. तेही फांदीचं नव्हे, मुळाशी जमिनीत वाढणाऱ्या गाठीचं. ही गाठ विस्तवाला सहजी दाद देत नाही, म्हणून ही नोकरी तिच्याच वाट्याला आली. अजूनही दुपारी जरा डोळा लागला की मला मातीखालचा तो गारवा आठवतो, आणि वरून वाहणारा वारा, जो मी कधी नीट ऐकलाच नाही. लंडनच्या एका कारागिराने मला कोरलं, घासलं आणि अंगावर ठसे मारले. लाकडावर त्याचं नाव, कड्यावर अस्सल चांदीची खूण म्हणून इवलासा सिंह, आणि कारागिराची नि सालाची अक्षरं. ठसे मारताना दुखलं खूप. पण वाटलं, चला, आता आपणही कुणीतरी झालो!

रेल्वेच्या एका साहेबाच्या खिशातून मी उदगीर स्टेशनावर आलो. साहेब मला दिवसभर ओढायचा, पण चावायचा मात्र नाही. मायदेशी परत जाताना त्याने मला सांधेवाल्या बसवंतच्या हातावर ठेवलं आणि तो गाडीत चढला. सांधेवाला म्हणजे रुळांचे सांधे बदलून गाडीला वाट करून देणारा माणूस.

बसवंतच्या गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. बिडीलाही तो कधी शिवला नव्हता. त्याने मला स्वच्छ धुतलं, उन्हात वाळवलं आणि रिकामंच दातांत धरलं. मग तो तसाच फलाटाच्या टोकाला उभा राहू लागला. खांद्यावर त्याची लहानगी लेक रत्नम्मा बसलेली असे.

"अप्पा, धूर कुठाय?" ती विचारी.

"धूर इंजन सोडतंय की. आपुन नुसतं धरायचं."

मित्रांनो, माझं सगळं सुख त्या रिकामेपणात आहे. बसवंतचा श्वास माझ्यातून आत-बाहेर करी, तेव्हा फलाटावरच्या कडुलिंबाच्या मोहोराचा वास यायचा, आणि मला वाटायचं की डोंगरावरचा तो वारा हाच असावा. त्याचा पुढचा एक दात पडलेला होता. त्यामुळे माझ्या नळीवर दोन खळगे पडले आणि मधली जागा तशीच गुळगुळीत राहिली.

बसवंत गेला. रत्नम्मा मोठी झाली, सासरी गेली, बघता बघता तिचे केस पांढरे झाले. तिने मला कधी अंतर दिलं नाही. दर दिवाळीला घरातली चांदी निघायची, निरांजन, लिंगाची डबी, आणि त्यांच्यासोबत मी. ओल्या बोटावर रांगोळी घेऊन ती माझं कडं घासायची. इतकं घासायची की त्यात तिचा चेहरा दिसायचा. मी खूश व्हायचो. त्या घासण्यात काय झिजत आहे, ते ना तिला कळलं ना मला.

पुढे तिच्या कानावर आलं की लातुरात वीरभद्रअप्पा नावाचे एक गृहस्थ आहेत. चष्म्यांचं दुकान त्यांनी मुलाकडे सोपवलं आहे, आणि स्वतः एकही झुरका न घेता जुने पाईप गोळा करत बसतात. दारावर त्यांनी पाटीच लावली होती, 'जुने इंग्रजी पाईप ओळखून मिळतील.' रत्नम्मा मला पदरात गुंडाळून घेऊन आली.

"शरणार्थ, अप्पा," ती हात जोडून म्हणाली. "हे माझ्या वडलांचं हाय. कुण्या कारागिराचं, तेवढं सांगा. आन् नीट साफ बी करून द्या."

अप्पांनी मला खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. डोळ्याला भिंग लावलं. मग चिमूटभर विभूती घेऊन माझ्या लाकडावर हलकेच चोळली. झिजलेल्या अक्षरांत पांढरी भुकटी बसली आणि कितीतरी वर्षांनी माझ्या अंगावर काहीतरी उमटलं. मी जीव मुठीत धरून बसलो.

"लंडन," अप्पांनी वाचलं. "पण हे तर तिथले सगळेच लिहितात. नावाची अक्षरं गेलीत. काही हरकत नाही, चांदी बोलंल." त्यांनी कडं भिंगाखाली फिरवलं. पुन्हा फिरवलं. "अक्का, हे कशानं घासत होता?"

"रांगोळीनं. दुसरं कशानं घासतेत चांदी?"

अप्पांनी डोळ्याचं भिंग काढून ठेवलं. मग हळूच म्हणाले, "ह्याच्यावर सिंह होता. साल होतं. सगळं निघून गेलंय."

"म्हंजी मीच पुसलं?"

तिचा आवाज इतका बारीक झाला की माझ्या आतलं लाकूड हललं. अप्पा म्हणाले, "जाऊ द्या अक्का. मी ह्याला नव्यासारखा करून देतो. सोमवारी या."

अप्पा माणूस सोन्यासारखा, पण नव्यासारखं करायची त्यांना भारी हौस. त्यांनी माझी वाटी खरवडली, उन्हाने हिरवट पडलेली नळी उजळून पुन्हा काळीभोर केली. सोमवारी सकाळी त्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवला. आपल्याशीच पुटपुटले, "आता हे दात तेवढे उठवले की झालं." नळी टणक रबराची असते. तिला जाळाची ऊब लागली की चावल्याचे खळगे फुगून वर येतात, आणि सगळं सपाट होतं.

मी ओरडलो, मित्रांनो. पण फुंकणारं कुणी नसलं की पाईपाला आवाज कुठला! नाव गेलं होतं, सिंह गेला होता. आता बसवंतही जाणार होता.

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. लोहा गावचा किशन पाटी वाचून आला होता. त्याच्या खांद्यावर विहिरीतून उपसलेला, गंजलेला लोखंडी पाईप होता.

"अप्पा, हे बी इंग्रजाच्याच जमान्यातलं हाय. बगा बरं, कुण्या कंपनीचं!"

"अरे बाबा, निजामाच्या मोगलाईत कुठले इंग्रज!" म्हणत अप्पा बाहेर धावले. तो पाईप घरात घुसला असता तर कपाटाची काच शिल्लक राहिली नसती. त्यांची हुज्जत चालू असतानाच रत्नम्मा आत आली. पेटता दिवा दिसला, शेजारी मी दिसलो. तिने मला उचललं आणि अंगठा नेमका त्या दोन खळग्यांवर ठेवला.

"हे काय करायलात, अप्पा?"

"दातांचे वण तेवढे काढतो, अक्का. मग बघा कसा दिसतो ते."

"नका काढू!" तिने मला छातीशी धरलं. "माझ्या बापाचा एकबी फोटू न्हाई. कुटं एक सही न्हाई. जगात त्यांचं म्हणून एवढंच उरलंय, अप्पा. हे दोन दात."

दारात किशनने खांद्यावरचा पाईप हळूच खाली ठेवला. अप्पांनी दिवा विझवला.

मग त्यांनी एक चिठ्ठी घेतली. ओळखलेल्या प्रत्येक पाईपाला ते नावाची चिठ्ठी दोऱ्याने बांधतात, त्यावर कारागिराचं नाव आणि गाव. माझ्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, 'बसवंत, उदगीर.'

मित्रांनो, कुणावर दात असणं म्हणजे मनात राग धरणं, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. माझ्यावरही दात आहेत, पण ते मायेचे आहेत. म्हणून एक विनंती करतो. घरातली जुनी वस्तू घासायला घ्याल, तेव्हा रांगोळी हातात घेण्याआधी घरातल्या थोरांना एकदा विचारा, की ह्यावरचा कुठला डाग पुसायचा नाही?