आतून न उघडणारं दार

मी एक जुनी पांढरी व्हॅन आहे, मित्रांनो, आणि माझ्या सरकत्या दाराला आतून हँडल नाही. माझं वय काय, किती धावले, हे सगळं नंतर विचारा. आधी हँडलचं ऐका.

जन्मले तेव्हा ते होतं, बरं का! इटलीतल्या फोज्जा शहराजवळच्या एका गावाच्या बँडपथकानं मला हौसेनं घेतलं आणि माझ्या कुशीवर पिवळाधमक ट्रम्पेट रंगवून घेतला. गावोगावच्या संतांच्या जत्रांना मी वाजंत्री घेऊन जायची. म्हातारा ढोलवाला तराल्लीच्या, म्हणजे खाऱ्या बिस्किटांच्या, कडक कड्या खाऊन माझ्याभर चुरा सांडायचा, आणि गावात शिरले की पोरं ओरडत मागे धावायची. फार लाडाचे दिवस होते ते. पुढं तरुण मंडळी कामासाठी उत्तरेला गेली, बँड मोडला आणि मला कोसिमोनं घेतलं.

हा कोसिमो टोमॅटोच्या शेतांना मजूर पुरवणारा मुकादम. त्यानं माझ्या खुर्च्या उपटून फळ्या ठोकल्या. मग पक्कड घेऊन आतलं हँडल काढलं आणि झुडपात भिरकावलं. "उतरायची फार घाई असते लेकाच्यांना," तो म्हणाला.

मालीची, गांबियाची, बल्गेरियाची माणसं मी कोंबून नेली. त्यांच्या पायात साखळदंड नव्हता. पासपोर्ट तेवढे कोसिमोच्या कपाटात होते, शेतं वस्तीपासून लांब होती आणि तिथवर नेणारी गाडी एकच होती, ती म्हणजे मी. आजच्या काळातली गुलामी अशीच असते. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, माणसं कामाला चालली आहेत.

शेवटी कोसिमो पकडला गेला आणि मी सरकारजमा झाले. अशी जप्त केलेली गाडी आमच्याकडे सरकारी कामाला लावतात. मला नव्या खुर्च्या मिळाल्या, माझे पोचे निघाले. पण साहेब लोक कायम पुढं बसणारे, त्यामुळं मागच्या दाराला आतून हँडल नाही हे एकाच्याही लक्षात आलं नाही. ट्रम्पेटही तसाच राहिला. मी कुणाला सांगणार?

मग नुन्त्सिया मास्त्रांजेलो आली. बाई मूळची आमच्याच मैदानी मुलखातली, पण आता रोमला. शेतातली गुलामी मोडण्यासाठी देशानं काय करायचं, ते धोरण ठरवणाऱ्या कचेरीची ती प्रमुख. छापे, दंड, तक्रारीचा फोन, सगळं मंजूर झालं होतं. अडलं होतं फक्त त्या धोरणातलं बसचं प्रकरण. मजुरांना शेतावर न्यायला सरकारी बस हवी, असा तिचा हट्ट होता. मंत्रिमहोदय म्हणाले, "अहो, कोण अडवतंय त्यांना? मुकादमाची गाडी नको असेल तर उतरावं की खाली!" गुरुवारी अखेरची बैठक होती. तोवर काही पटवून दिलं नाही, तर त्या प्रकरणावर काट बसणार होती.

मंगळवारी उजाडता उजाडता ती मला घेऊन मजुरांच्या वस्तीकडे निघाली. गाडीवर सावीनोकाका होता, तोंडानं फटकळ पण मनानं लोण्यासारखा. रस्ता ओळखीचा लागला तशी मला धडकीच भरली. पाण्याच्या टाकीपाशी आम्ही थांबलो.

आणि मित्रांनो, नुन्त्सियानं तोंड उघडण्याआधीच झोपड्यांतून माणसं निघाली. ती माझ्यापाशी आली, त्यांनी दार सरकवलं, मुकाट आत बसली आणि दार लावून घेतलं. ट्रम्पेट पाहून त्यांना वाटलं, मुकादमाची गाडी परत सुरू झाली.

"अहो, हे काय? कुठं निघालात तुम्ही?" नुन्त्सिया गर्रकन मागे वळली.

"तू नेशील तिथं," उंच, हडकुळा द्रिसा म्हणाला. तो मालीचा. फळीवर शेवटून दुसरा बसायचा, मला चांगला आठवतो.

"मी सरकारी माणूस आहे. तुमच्याशी बोलायला आलेय."

सरकार म्हटल्याबरोबर, आता कागद मागतील या भीतीनं, आत एकच गडबड उडाली. सगळे दाराकडे झेपावले आणि जिथं हँडल असायला हवं तिथं हात फिरवू लागले. धाडधाड बुक्के बसले. नुन्त्सियाचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका, ह्याला हँडलच नाही?"

"देवा रे! मी कधी मागं बसलोय का बाई?" सावीनो म्हणाला.

तो उतरून दार उघडणार, तेवढ्यात मागून जीप आली आणि आडवी लागली. कोसिमोचा भाऊ गाएतानो! आता हाच मजूर पुरवत होता. आतली माणसं जागच्या जागी थिजली. सरकारी गाडीत दिसला तो संपलाच, हे ज्याला त्याला ठाऊक होतं.

नुन्त्सिया खाली उतरली आणि माझ्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"मॅडम, बाजूला व्हा. माझी माणसं आहेत ती," गाएतानो म्हणाला.

"तुमची? बरं झालं, तुम्हीच बोललात. नाव सांगा पूर्ण. म्हणजे ह्यांचा पगार, ह्यांच्या झोपड्या, ह्यांचे पासपोर्ट, सगळ्याला जबाबदार तुम्ही. काका, ऐकलंत ना?"

"ऐकलं की! दोन्ही कानांनी," सावीनो म्हणाला.

गाएतानोनं ओठ चावला. "मी... मी ह्यांना ओळखत नाही."

"एकालाही नाही?"

"नाही म्हटलं ना!" तो तणतणत जीपकडे वळला. पण जाताना काचेतून द्रिसाकडे बोट रोखून म्हणाला, "तुझं थोबाड मात्र लक्षात ठेवीन."

नुन्त्सियानं दार उघडलं. कुणी उतरेना. द्रिसा म्हणाला, "आज तू नेशील बाई. उद्या कोण नेईल? त्याच्या गाडीत मला आता जागा नाही. काम नाही तर भाकरी नाही."

तिचे डोळे भरून आले आणि त्या डोळ्यांचा तिला रागही आला. त्या दिवशी आम्ही सगळ्यांना शेतावर पोचवलं, संध्याकाळी परत आणलं. मग ती सावीनोला म्हणाली, "हँडल बसवू नका. गाडी रोमला घ्या."

गुरुवारी सकाळी मी मंत्रालयाच्या आवारात उभी होते. "साहेब, बैठकीआधी एक चक्कर मारू या," नुन्त्सिया म्हणाली. पुढच्या सीटवर सावीनोनं मुद्दाम टोमॅटोची पेटी ठेवली होती. मंत्रिमहोदय नाक मुरडत मागे बसले. आवारातच एक फेरी झाली. नुन्त्सिया दाराशी आली, बाहेरून म्हणाली, "उतरा साहेब. कोण अडवतंय?"

त्यांनी हात लावला, चाचपलं, पुन्हा चाचपलं. ऊन तापलं होतं. "उघडा! हा काय चावटपणा आहे?" पोर्चमधले कारकून टकामका बघू लागले. सावीनो पुटपुटला, "बाई, बास! दोघांची नोकरी जाईल." ती मात्र हाताची घडी घालून उभीच. साहेबांनी काचेवर हात आपटला, त्या शेतमजुरांसारखाच. तेव्हा कुठं तिनं दार सरकवलं.

ते घामाघूम होऊन उतरले आणि पायऱ्या चढले. वरच्या पायरीवर थांबून म्हणाले, "बसचं प्रकरण धोरणात राहू दे. एक हंगाम. बस रिकामी धावली, तर मी स्वतः काट मारीन."

पुढच्या टोमॅटोच्या हंगामात निळी सरकारी बस टाकीपाशी येऊन उभी राहिली. मीही मागं होते. पलीकडं गाएतानोची जीप होती आणि जीपमधून तो एकेकाचं तोंड बघत होता. माणसं झोपड्यांच्या दारात उभी, पण एक जण पुढं येईना. ड्रायव्हरनं घड्याळ पाहिलं. नुन्त्सिया नखं चावत होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, या रे, या! पण हॉर्नवर माझी कुठली सत्ता?

मग द्रिसा आला. चढला, पहिल्याच सीटवर बसला. तो पुन्हा उठला, दाराशी गेला आणि आतलं बटण दाबलं. दार उघडलं. तो खाली उतरला, जमिनीवर क्षणभर उभा राहिला. जीपकडे बघून हसला. आणि पुन्हा वर चढून बसला.

त्याच्यामागं बाकीचे आले. प्रत्येकानं चढताना ते बटण एकदा दाबून पाहिलं. ड्रायव्हर वैतागला, पण सगळे चढेपर्यंत थांबला.

मित्रांनो, आता सरकारनं मला माझ्या जुन्या बँडच्या गावाला देऊन टाकलंय आणि मी तिथं चिंचोळ्या सावलीत उभी असते. म्हणे पोरांनी पुन्हा बँड काढलाय आणि मला रंग देणार आहेत. रंग राहू द्या हो, ट्रम्पेट फिका असला तरी चालेल. आधी तेवढं हँडल बसवा. आणि तुम्ही कुणाला गाडीत घ्याल, कामावर ठेवाल, घरात आणाल, तेव्हा दाराची आतली बाजू स्वतः आत बसून बघा. बाहेरून सगळीच दारं चांगली दिसतात.