नवऱ्याच्या खांद्यांएवढी घळ

फोटोवालीचं डोकं सणकलं ते पर्यटन कार्यालयाच्या दारातच. समोर भिंतभर पोस्टर, खाली ठसठशीत तिचं नाव, आणि फोटोतून नवरा गायब!

घळी, कपारी, दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या वाटा टिपण्यात तिची हयात गेली होती. अशा जागी फोटो हमखास खोटं बोलतो. शेजारी माणूस नसेल तर हातभर फटसुद्धा दरवाजाएवढी दिसते. म्हणून ती दर फोटोत नवऱ्याला उभं करायची, दोन्ही खांदे दोन्ही कड्यांना टेकवून. बिचारा कुरकुरत का होईना, उभा राहायचा. आणि इथे कुणा दीडशहाण्याने त्याला पुसून टाकलं होतं, वर घळ ताणून हमरस्त्याएवढी केली होती!

पोस्टरपुढे एक बाई बाबागाडीतल्या बाळाला झुलवत कार्यालयाच्या साहेबांना विचारत होती, "ही गाडी जाईल ना हो आतून?"

"अगदी आरामात!" साहेब म्हणाले.

बाई खूश होऊन वळली, तशी फोटोवाली साहेबांवर तुटून पडली. "आरामात? वर पाऊस झाला की तिथे पाण्याचा लोंढा येतो! पळायलासुद्धा जागा नाही. लेकरं घेऊन लोक मरायला जातील, आणि तेही माझ्या नावावर!"

"अहो, किती चिडता! लोकांना ऐसपैस आवडतं. आणि नवरा काय, घरी आहेच की."

"इथेच आहे," मागे ट्रायपॉड धरून उभा असलेला नवरा म्हणाला.

"पोस्टर उतरवा," फोटोवाली म्हणाली.

"छापून झालंय, बाई. आता काही होत नाही."

झालं! तिचा पारा पार चढला. "अहो, या इकडे," तिने नवऱ्याला फर्मावलं. फायलींच्या, चाकं लावलेल्या दोन कपाटांमध्ये तो सवयीने जाऊन उभा राहिला. खांदे टेकेपर्यंत तिने कपाटं ढकलली, चाकांचे खटके लावले. नवरा अंग तिरकं करून सुळकन बाहेर आला.

"ही तुमची ऐसपैस घळ. चाला."

"हात्तिच्या, एवढंच ना!" म्हणत साहेब पोट सावरत तोऱ्यात घुसले आणि निम्म्यात रुतले. ना पुढे, ना मागे. कारकून तोंडावर हात धरून हसायला लागले.

"अहो, काढा मला!"

"काढते. आधी सांगा, बाबागाडी जाईल?"

साहेबांनी तिच्याकडे बघत नकारार्थी मान हलवली. ती बाई दारातच थबकली होती, बाळाला उचलून छातीशी धरून.

"मला नको, तिला सांगा."

साहेबांनी कशीबशी मान वळवली. बाळ त्यांच्याकडेच टुकुटुकु बघत होतं. त्यांचा आवाज एकदम उतरला.

"नाही जाणार, ताई. तुम्हीही जाऊ नका."

तेव्हा कुठे फोटोवालीने खटका काढला. तोवर नवरा खुर्चीवर चढून पोस्टर उतरवायला लागलाही होता.