बेबीनंदा मॅडमचा सीपीयू

"मॅडम, लॅपटॉप न्यायला संध्याकाळी या. बसून काय कराल इथं?" कडूबा म्हणाला.

"न्हाई. मला पाह्यचंय," असं म्हणून बेबीनंदाने स्टूल त्याच्या टेबलाजवळ ओढलं.

भोकरदनच्या बसस्टँडमागे कडूबाचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. पंधरा वर्षांपूर्वी तो तिच्याच कॉम्प्युटर क्लासला होता. बेबीनंदा गेली सतरा वर्षं धावड्याहून रोज बसने येऊन त्या क्लासात शिकवत होती. पोलीस भरतीची पोरं, अंगणवाडीच्या बाया, तलाठी ऑफिसातले कारकून, सगळे तिच्या हाताखालून गेलेले. सोमवारी परीक्षा होती आणि ती ज्यावरून चालवायची त्या तिच्या लॅपटॉपला परीक्षेचं नवं सॉफ्टवेअर झेपत नव्हतं. सोमवारी मशीन अडलं असतं, तर परीक्षेचं केंद्र दुसऱ्या क्लासकडे गेलं असतं. मशीन चांगलं आहे, फक्त प्रोसेसर मंद आहे, असं कडूबाचं म्हणणं होतं. मोडीत आलेल्या एका लॅपटॉपचा वेगवान प्रोसेसर त्याच्याकडे पडून होता.

"नवा न्हाई चालला तर?"

"तर मंग जुनाच परत बसवू."

त्याने बॅटरी काढली, मागचे स्क्रू काढून कागदावर ओळीने मांडले आणि झाकण उचललं. बेबीनंदा पुढे झुकली. इतक्या वर्षांत तिने एकही मशीन आतून पाहिलं नव्हतं. क्लासच्या मालकाची पहिल्या दिवसापासून ताकीद होती, उघडायचं नाही.

पंखा आणि तांब्याची पट्टी निघाली. पट्टीच्या टोकाला वाळलेल्या चुन्यासारखं काहीतरी चिकटलं होतं.

"हे काय?"

"पेस्ट हाय. प्रोसेसर लई तापतो. ती गर्मी तांब्यात जावी म्हणून मधात लावतेत."

"आन् तांब्यातून?"

"पंखा बाहीर फेकतो."

"म्हणून डाव्या अंगानं गरम वारं येतं होय," ती म्हणाली. हे तिला रोज जाणवायचं, पण का ते तिने कधी विचारलं नव्हतं.

कडूबाने एक स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि दोन नखांत धरून एक हिरवा चौकोन अलगद वर काढला. कॅरमच्या सोंगटीहून जरासा मोठा. त्याने तो उलटा करून तिच्या तळहातावर ठेवला. खाली शेकडो सोनेरी टाचण्या दाट उभ्या होत्या.

"हाच का प्रोसेसर?"

"हाच. सीपीयू."

"सीपीयू कसा? सीपीयू म्हणजे तो टेबलाखालचा डब्बा ना?"

कडूबाने पेचकस खाली ठेवला. "न्हाई मॅडम. तो नुसता डब्बा. कॅबिनेट. सीपीयू हा."

बेबीनंदा तळहाताकडे बघत राहिली. दर बॅचला दुसऱ्या दिवशी ती टेबलाखालच्या डब्याला डस्टर टेकवून सांगायची, हा सीपीयू. पोरं लिहून घ्यायची.

"तुला कधी कळलं?"

"दुकान टाकलं तवा. पहिलं मशीन उघडलं त्याच दिवशी."

"मंग मला सांगितलं का न्हाई?"

तो कापसाने तांबं पुसत राहिला. "तुम्हाला कसं सांगू? माऊस धरायला तुम्हीच शिकवलं मला."

बेबीनंदाने जुना प्रोसेसर टेबलावर ठेवला. मग ती म्हणाली, "नवा मी बसवू?"

एक टाचणी वाकली की प्रोसेसर गेला, हे कडूबाला ठाऊक होतं. तरी त्याने तो तिच्या हातात दिला. "कोपऱ्यात बारका सोनेरी त्रिकोण हाय, तो ह्या कोपऱ्याशी जुळवा. दाबू नका बिलकुल. बराबर असला तर आपसूक बसतो."

पहिल्यांदा बसला नाही. तिने दाबलं नाही. उचलला, डोळ्यांजवळ नेला, त्रिकोण शोधला आणि फिरवून ठेवला. तो काहीही आवाज न करता खाली उतरला.

कडूबाने स्क्रू फिरवला, तांदळाएवढी पेस्ट लावली, पंखा जोडला. बटण दाबताच पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला. बेबीनंदाने पदर बोटाला गुंडाळला.

"थांबा जरा. नवा हाय, वळख पटायला टाइम लागतो."

पडदा उजळला. परीक्षेचं सॉफ्टवेअर तिने माऊसवरून बोट उचलायच्या आत उघडलं.

निघताना तिने जुना प्रोसेसर कागदात बांधून घेतला.

शनिवारी वर्गात तिने तो पहिल्या बाकावर दिला. "हातोहात पुढं द्या. ह्याला सीपीयू म्हणतात. टेबलाखाली आहे ते कॅबिनेट. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. वह्यांत दुरुस्त करा."

अंगणवाडीतल्या मीनाने हात वर केला. "मॅडम, पेपरात डब्ब्याचं चित्र आलं तर काय लिहू?"

"कॅबिनेट."

"आन् मार्क गेला तर?"

"गेला तर मी वर लिहून पाठवीन. पण लिहायचं कॅबिनेटच."

सगळ्यांनी माना खाली घालून वह्यांत रेघा मारल्या. प्रोसेसर बाकांवरून फिरत राहिला. मागच्या पोराने तो कानाला लावून पाहिला, तेव्हा वर्गासोबत बेबीनंदाही हसली.

वर्ग सुटल्यावर ती एकटीच थांबली. सहा कॅबिनेटवर तिच्याच गोल अक्षरात 'सीपीयू' लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या, कधीकाळी डिंकाने पक्क्या डकवलेल्या. जमिनीवर बसून तिने पाच खरवडून काढल्या. सहावी निघेना. धावड्याची पाचची बस निघून गेली होती. तिने फडका ओला केला, चिठ्ठीवर दाबून धरला आणि कागद भिजायची वाट पाहत बसली.